दम घ्यायची जागा

बाई, आमच्या टीव्हीच्या पाठीत एक काडी खोचली आहे आणि तिच्याबद्दल तुम्हांला सांगावं असं दिवाळीपासून मनात येतंय. काडी म्हणजे आगपेटीतली नव्हे. बोटाएवढी लांब, अंगठ्याएवढी जाड, काळी. ती टीव्हीला लावायची, घरात आलेल्या इंटरनेटशी तिची गाठ घालून द्यायची, की कुणी कुठंही बसून गायलेलं-बोललेलं आपल्या भिंतीवर उमटतं. वेळेचं बंधन नाही. सकाळचा कार्यक्रम संध्याकाळी बघा, गेल्या वर्षीचा आज बघा. आमचे शेजारीपाजारी ही काडी बघायला आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, चित्र कसं दिसतं. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, आवाज कसा आहे. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचला नाही, म्हणून तुम्हांला लिहितो आहे.

मी कोण ते सांगायला हवं, कारण तुमच्या हाताखालून पुष्कळ पोरं गेली. मढच्या अलीकडच्या शाळेत कविता म्हणताना धावत सुटणारा मुलगा तुम्हांला आठवत असेल तर तो मी. पहिलं कडवं ते शेवटचं कडवं, मधे श्वास नाही. एकदा तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "अरे, गाडी सुटते आहे का तुझी? दम घे. लिहिणाऱ्यानं ती जागा तुझ्यासाठीच ठेवली आहे." वर्ग हसला. मग तुम्ही ओळ फळ्यावर लिहून तिच्या मधोमध उभी रेघ ओढलीत आणि सांगितलंत, इथं थांबायचं, याला यती म्हणतात. आणि भलत्याच जागी थांबून शब्द तोडला तर तो यतिभंग. वृत्तांची नावं आणि गण मी पुढं विसरून गेलो. हा एक शब्द मात्र राहिला. योगायोग असा की मला नोकरीही गाडीवरचीच लागली. एस.टी.त कंडक्टर झालो, जुन्नर, ओतूर, मढ करत घाट उतरायचो आणि परत चढायचो. गाडी कुठं थांबवायची आणि घंटी देऊन कधी सोडायची, हेच आयुष्यभराचं काम. डबल घंटी देताना कितीदा तरी तुमची ती उभी रेघ डोळ्यांपुढं यायची.

आमची मंडळीही तुमचीच विद्यार्थिनी. मुलींच्या रांगेत शेवटी बसायची, चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला घरी ठेवली. तुम्ही तिच्या घरी दोनदा जाऊन आलात, पण तिच्या वडिलांनी चहा पाजून तुम्हांला परत पाठवलं, हे मला लग्नानंतर तिच्याकडूनच कळलं. तिला काचबिंदू झाला आहे. डॉक्टरांनी उरलं ते वाचवलं, गेलेलं आणता येत नाही म्हणाले. आता उजेड कळतो, समोर माणूस उभा राहिला तर त्याचा आकार कळतो. घर तिच्या पायांना पाठ आहे. चूल, पाण्याचा हंडा, ओट्यावरची मिठाची बरणी, सगळं हाताला सापडतं. भाकरी अजून तिचीच. पोळली की वासानं ओळखते आणि मी उलटायला गेलो तर म्हणते, "बाजूला व्हा, तुमी कविता म्हना." स्वाभिमानी बाई आहे. कुणाला काही मागायचं म्हटलं की तिचा चेहरा पडतो, आणि तो मला दिसतो हे तिला माहीत नाही.

आतल्या खोलीत आमचा टीव्ही असतो. डोळे होते तेव्हा ती मालिका बघायची, नंतर ऐकायला लागली. आधीच्या केबलच्या डब्याला आकड्यांचा रिमोट होता. कितव्या नंबरला काय लागतं ते तिला बोटांनी ठाऊक होतं. पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असायचा, तिथून वर-खाली मोजत जायची. मग ते सगळं बदललं. नवे रिमोट गुळगुळीत आले. आधी चित्रांची पाटी उघडते, चित्रातून चित्रात जायचं, मग आणखी एक पाटी. ज्याला दिसतं त्याचंही डोकं फिरतं. मग ती मला सांगायची, अमुक लावा. मी पडलो तंद्रीतला माणूस. खिडकीतून डोंगराकडं बघत बसलो की घरात काय चाललंय ते मला कळत नाही. तिनं दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा मी "अं?" म्हणायचं. तिनं तक्रार केली नाही, फक्त सांगणं बंद केलं. एके दिवशी बाहेरून आलो तर ती बंद टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. म्हटलं, लावू का काही? म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बरं वाटतंय आसंच." बरं वाटत नव्हतं. तिला स्वतःच्या हातानं, मला न विचारता, हवं ते लावता आलं पाहिजे, एवढं मी त्या दिवशी ठरवलं. ठरवायला उशीर केला, पण ठरवलं.

चिरंजीव चाकणला कारखान्यात आहे. त्याला फोन केला तर तो खूश झाला. त्याच्या मते प्रश्न टीव्हीचा होता. "आप्पा, एकदाच घ्यायचं तर मोठा घ्या. भिंतभर घ्या." मी म्हटलं, अरे, भिंतभर चित्र कुणासाठी?  तो म्हणाला, तुम्ही बघाल की. मी म्हटलं, मला डोंगर आहे बघायला. तो हसला आणि म्हणाला, तुमच्याशी बोलणं म्हणजे परीक्षेला बसणं. शेवटी ठरलं की त्यानं आधी घरात इंटरनेटची वायर आणवायची, ती आता खांबाखांबावरून आमच्या आळीपर्यंत आली आहे. आणि यंत्र मी स्वतः ओतूरला जाऊन निवडायचं.

ओतूरला स्टँडजवळ एकाचं दुकान आहे. मला गाडीवरचा म्हणून ओळखतो, कॉलेजला जाताना पासावर माझ्या गाडीनं यायचा. त्यानं काचेवर सगळं मांडलं. एक स्मार्ट टीव्ही, ज्याच्या पोटातच सगळं असतं. एक ही काडी, जी जुन्या टीव्हीला नवी करते. एक चपटा डबा, काडीचा थोरला भाऊ, त्याला मागं वायरीची जागा असते. आणि एक लांबुडका स्पीकर, टीव्हीखाली ठेवायचा. टीव्ही दिवसेंदिवस पातळ होत गेले, तसा त्यांच्या छातीतला आवाजही गेला, असं तोच म्हणाला. वाक्य चांगलं होतं, तुम्ही शाबासकी दिली असती. चित्राचे गुण सांगायला लागला तसं मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, सगळ्यांचे रिमोट दे. रिमोट काचेवर ओळीनं ठेवले आणि मी डोळे मिटून एकेक हातात घेतला.

तो घाबरला. "बाबा, चक्कर आली का काय? पानी आनू?"

"नाही रे. बघतोय."

"डोळं मिटून?"

मी मान हलवली. आणखी एक गिऱ्हाईक चार्जर घ्यायला उभं होतं, ते म्हणालं, "राव, बाबा बरुबर करत्यात. दुकानात डोळं उघडं ठिवलं की मानूस फसतंय." दोघंही हसले. मी बोटं फिरवत होतो. बोलायचं बटण, ज्यावर बोट दाबून काय हवं ते तोंडानं सांगायचं, ते एका रिमोटवर इतर बटणांच्या गर्दीत होतं, दुसऱ्यावर सपाट होतं, कळेचना. काडीच्या रिमोटवर मात्र ते सगळ्यांच्या वर, एकटं आणि जरा खोलगट होतं. अंगठा आपोआप तिथं बसला. मग आवाज. स्पीकर लावून दाखव म्हटलं, तर त्यानं धडधडणारं गाणं लावलं, काचा हलल्या. म्हटलं, गाणं नको, कुणीतरी नुसतं बोलतंय असं लाव. बातम्या लावल्या. शेवटची अक्षरं ऐकू येतात का ते ऐकलं. काडी घेतली, मधल्या आकाराचा स्पीकर घेतला, टीव्ही जुनाच ठेवला.

हे कुठून शिकलो ते तुम्हांला सांगायला नकोच. शाळेचा रेडिओ घ्यायला तुम्ही जुन्नरला गेलात तेव्हा माझे वडील पंच म्हणून बरोबर होते आणि मी हट्ट करून गाडीत बसलो होतो. दुकानात दोन रेडिओ. एक लाकडी, पॉलिशचा, पितळी जाळीचा, आत पिवळा दिवा लागणारा. दुसरा करड्या रंगाची साधी पेटी. वडिलांनी लाकडीवर हात ठेवलाच होता. तुम्ही दुकानदाराला म्हणालात, दोन्हींची तोंडं भिंतीकडं करा. आणि डोळे मिटून उभ्या राहिलात. दुकानात एकदम शांत झालं. मला वाटलं तुम्ही प्रार्थना म्हणताय, म्हणून मीही हात जोडले. आधी एक लागला, मग दुसरा. तुम्ही करड्या पेटीकडं बोट केलंत. गावात आल्यावर पारावर कुरकुर झाली. "बाई, त्यो लाकडी लई झ्याक व्हता म्हनं," एकजण म्हणालाच. तुम्ही म्हणालात, "तो बघायला होता. हा ऐकायला आहे." आता लिहिताना तो रेडिओ दिसतो. शाळेच्या खिडकीत ठेवलेला, त्याच्या एरियलची तारेची जाळी कौलाखाली ताणलेली, आम्ही पोरं मांडी घालून बसलेलो, आणि शहरातल्या कुणा बाईंचा आवाज येतोय, प्रत्येक शब्द धुतलेला.

काडी बसली. आता तिच्याशी बोलायचं. मी आधी प्रयत्न करून बघितला, कारण मंडळीनं पहिल्यांदा करावं आणि फसावं असं मला नको होतं. बटण दाबून मी म्हटलं, "जुन्या पाठ्यपुस्तकांमधील कविता चालीवर ऐकवाव्यात." पडद्यावर माझं वाक्य उमटलं, शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, आणि मग कुणा पाठ्यपुस्तक विक्रेत्याचं दुकान दिसायला लागलं. पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. या खेपेला यंत्रातल्या बाईनं हिंदीत उत्तर दिलं. मंडळी पलीकडं तांदूळ निवडत होती, खडा बोटाला लागतो तिच्या. म्हणाली, "काय म्हनती ती?" म्हटलं, सापडलं नाही म्हणते. "मंग तुमी तिला आर्ज कशाला लिवताय? गडी-मानसावानी सांगा की." मी रिमोट तिच्या हातात दिला, अंगठा त्या खोलगट बटणावर ठेवला. ती लाजली. टीव्हीकडं न बघता, थोडं पदराआडून म्हणाली, "बाई, कीर्तन लाव." आणि कीर्तन लागलं. टाळ वाजायला लागले तशी ती दचकली, मग हसली. तिचं असं हसू बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. त्या यंत्राला ती अजून बाईच म्हणते, पण अगं-तुगं करते. तुम्हांला राग येणार नाही असं धरून चालतो.

एक अडचण राहिली. इंटरनेटचा दिवे लुकलुकणारा डबा बाहेरच्या खोलीत आहे, टीव्ही आत, आणि मधली भिंत माझ्या आजोबांनी काळ्या दगडाची बांधलेली. वाऱ्यावरून येणारं जे काही असतं ते त्या भिंतीत अडकतं. त्यामुळं कीर्तन चालता चालता थांबतं, पडद्यावर एक गोल गरगरत राहतो, महाराजांचं तोंड उघडं राहतं. आणि थांबतं ते कुठं? शब्दाच्या पोटात. दुकानदाराला फोन करून मी सांगितलं, यतिभंग होतोय. तो म्हणाला, "काय व्हतंय?" म्हटलं, मधेच भलत्या जागी थांबतं. "आस्सं. बफरिंग म्हना की." त्यानं सांगितलं, भिंतीला भोक पाडून वायर आत घ्या आणि काडीऐवजी डबा लावा, मी बदलून देतो. मग म्हणाला, "पन बाबा, शब्द ब्येस हाय. यतिभंग." आता म्हणे तो गिऱ्हाइकांना तोच शब्द सांगतो, आणि लोकांना वाटतं मोठा बिघाड आहे.

चिरंजिवानं पुढच्या रविवारी वायरीचं वेटोळं आणून ठेवलं. डबाही आणला, काडी मागाहून परत द्यायच्या बोलीवर. तो आपला खोक्यात पडून आहे, वायरीची वाट बघत. घाईत होता, म्हणाला, आप्पा, भोक तेवढं कुणाकडून पाडून घ्या. मी बरं म्हटलं, आणि पाडणारही होतो.

त्याच आठवड्यात मी बाजाराला ओतूरला गेलो होतो. परतीची गाडी लवकर मिळाली. अंगणात आलो तर आतून कुणा म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज येत होता, कविता म्हणत होते, आपल्या शाळेतली, आपल्याच चालीवर. तिनं माझ्यामागं स्वतःच बटण दाबून मागितलं होतं. काय शब्दांत मागितलं ते मला आजही माहीत नाही. मी पिशवी हातात घेऊन बाहेरच्या ओट्यावर थांबलो. आणि ते गृहस्थ अर्ध्या ओळीवर थांबले. भिंत आडवी आली असणार. पण गंमत बघा, या खेपेला थांबले ते अगदी तुमच्या रेघेवर.

तुमची एक सवय होती. अर्धी ओळ म्हणून तुम्ही थांबायच्यात, खडूचा हात वर धरायच्यात आणि कान वर्गाकडं करायच्यात. उरलेली अर्धी आम्ही म्हणायची. आम्ही मुलगे पुस्तकात बोट शोधत असायचो तोवर मुलींच्या रांगेतून शेवटून एक आवाज आलेला असायचा. दरवेळी पहिला. तुम्ही वळूनही बघायच्या नाहीत, फक्त हात खाली घ्यायच्यात.

आत शांत होतं. मग उरलेली अर्धी ओळ आली. तिच्या आवाजात, चालीवर, न अडखळता. इतक्या वर्षांच्या संसारात मी हिच्यासमोर कविता म्हणत आलो आणि ही "झालं का तुमचं?" म्हणत आली. मला कुठं काय येतंय, हे तिचं ठरलेलं उत्तर. त्या अर्ध्या ओळीत 'होते' आहे. जन्मभर 'व्हतं' म्हणणाऱ्या माणसानं तिथं 'होते' म्हटलं, बाई, तुमच्यासारखं, 'ते' जरासं लांबवून. गोल गरगरत असेल तोवर ती पुढची ओळही म्हणून गेली. मग गृहस्थ पुन्हा सुरू झाले तशी गप्प झाली, त्यांना म्हणू दिलं. पुढं ते परत थांबले, शब्दाच्या मधोमध, अगदी वाईट जागी. तिनं तो शब्दही जोडून घेतला. मी चप्पल काढली, चपलेचा आवाज झाला.

"आलात व्हय?" ती म्हणाली. "ह्या बाबाला सारका दम लागतोय."

मी म्हटलं, वायर टाकायला हवी. ती म्हणाली, "टाका की, तुमाला सवड झाली म्हंजी," आणि चहा ठेवायला उठली. मीही कवितेचं काही बोललो नाही. बोललो असतो तर ती पुन्हा म्हणाली नसती, एवढं मला तिच्याबद्दल कळतं.

आता रोज दुपारी मी ओट्यावर बसतो. ती आत आपल्या हातानं लावते, कधी कीर्तन, कधी कुणाची भांडणाची मालिका, आणि कधी ते गृहस्थ. मी डोळे मिटून ऐकतो. जाणारे-येणारे समजतात, आप्पाला डुलकी लागली.

हा कागद टपालात टाकायचा नाही, तुमच्याकडं पोचेल अशी पेटी नाही. घडी करून काडीच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो. एक गोष्ट तेवढी इथं सांगून टाकतो, घरात सांगता येत नाही म्हणून. चिरंजीव फोनवर विचारतो तेव्हा मी सांगतो की भोक पाडायला माणूस मिळत नाही. वायरीचं वेटोळं कपाटावर आहे. माणूस पलीकडच्याच आळीत राहतो, परवा पारावर त्यानं स्वतःहून विचारलं, "आप्पा, कदी येऊ भोक पाडाया?" मी म्हटलं, भाताची काढणी उरकू दे, मग बघू.

आमचं भात कधीच घरात आलंय.